अन्नसुरक्षेच्या कारभारातील सहभाग आणि सत्ता

अन्नसुरक्षेच्या चर्चेत ‘सहभाग’ हा शब्द आता सर्वमान्य झाला आहे. परंतु त्या एका शब्दाखाली तीन भिन्न गोष्टी एकत्र येतात : सभेत उपस्थित असणे, आपले म्हणणे मांडणे आणि निर्णय बदलविणे. पहिल्या दोन साधल्या म्हणजे तिसरी साधतेच असे नाही. शेवगावसारख्या अवर्षणप्रवण तालुक्याच्या आधारे हा भेद येथे स्पष्ट करावयाचा आहे.

अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याचा हा पूर्वभाग पर्जन्यछायेत मोडतो. ज्वारी-बाजरी हे येथील परंपरागत अन्न. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेली मिलो ज्वारी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी यांची आठवण महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात दीर्घकाळ टिकली. कोणते धान्य यावे, हे खाणाऱ्यास कोणी विचारले नव्हते. तथापि कामाची मागणी मात्र त्याची स्वतःची होती. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. याच काळात आकारास आलेल्या रोजगार हमी योजनेस १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले व २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. मागेल त्यास काम देणे हे शासनावर बंधनकारक झाले. येथे मागणीस सत्तेचे बळ लाभले.

त्याच सुमारास, नोव्हेंबर १९७४ मध्ये, रोम येथे जागतिक अन्न परिषद भरली आणि तीतून जागतिक अन्नसुरक्षा समिती उदयास आली. प्रारंभी ती मुख्यतः राष्ट्रांच्या प्रतिनिधींची होती. २००७-०८ च्या धान्यभाववाढीनंतर, २००९ मध्ये, तिची पुनर्रचना झाली. लहान शेतकरी, मच्छीमार, शेतमजूर यांच्या संघटनांना चर्चेत स्थान मिळाले. खासगी उद्योगांनाही मिळाले. अंतिम निर्णय मात्र सदस्यराष्ट्रांकडेच राहिला. शिवाय आसन समान असले तरी बळ समान नसते. प्रवासखर्च, तज्ज्ञांचे साहाय्य आणि भाषा या तिन्ही बाबतींत दुर्बल मागे पडतो. संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांत मराठी नाही. शेवगावच्या मजुराचे म्हणणे तेथे पोचलेच, तर ते भाषांतरित आणि संक्षिप्त होऊनच पोचणार. आणि संक्षेप कोणी करावा, हाही सत्तेचाच प्रश्न होय.

हीच रचना लहान प्रमाणावर रास्त भाव दुकानापाशी दिसते. राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, २०१३ अन्वये प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो, तर अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्याचा हक्क आहे. कलम २८ सामाजिक अंकेक्षणाची तरतूद करते. कलम २९ राज्यापासून दुकानापर्यंत दक्षता समित्या सांगते व त्यांत अनुसूचित जाती, जमाती, स्त्रिया, निराधार यांना प्रतिनिधित्व देते. या समित्यांनी देखरेख करावी आणि गैरप्रकार आढळल्यास जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्यास लेखी कळवावे. कळविणे हे कर्तव्य होय, ठरविणे नव्हे.

कारभाराची परिभाषाही या दृष्टीने अभ्यसनीय आहे. कायद्याने ज्यास हक्क दिला, त्यास कचेरीची भाषा ‘लाभार्थी’ म्हणते. लाभार्थी म्हणजे लाभाची इच्छा करणारा, याचक; हक्कदार नव्हे. दुसरा शब्द ‘इष्टांक’. इष्ट म्हणजे इच्छिलेले; परंतु हा आकडा ज्यांच्यासाठी आहे त्यांनी इच्छिलेला नसतो. २०११ च्या लोकसंख्येवरून केंद्राने महाराष्ट्रासाठी सुमारे ७ कोटींची मर्यादा ठरविली व तीच पुढे जिल्ह्यांत, तालुक्यांत वाटली गेली. २०२१ ची जनगणना लांबणीवर पडली. माणसे वाढली, मर्यादा मात्र तीच राहिली. ‘इष्टांक पूर्ण झाला’ असे उत्तर मिळाले की नव्या सुनेचे वा तान्ह्या मुलाचे नाव शिधापत्रिकेवर असूनही धान्य मिळत नाही. दक्षता समितीत त्या घरातील स्त्री बसलेली असली तरी हा आकडा तिच्या हाती नसतो.

यावरून सहभाग व्यर्थ ठरत नाही. तोलाईतील चोरी समितीच्या नजरेने थांबू शकते. रोममधील चर्चेतून २०१२ मध्ये जमीन, मत्स्यक्षेत्र व वने यांच्या धारणाधिकाराविषयी मार्गदर्शक तत्त्वे संमत झाली. परंतु सहभागाची परीक्षा उपस्थितांच्या संख्येवर करणे चुकीचे होय. कोणता आकडा, कोणत्या सभेत, कोणाच्या मताने बदलू शकतो, हाच प्रश्न विचारला पाहिजे. रोजगार हमीत मागणाऱ्याच्या शब्दामागे कायद्याचे बंधन उभे होते. म्हणून तो शब्द नुसता अर्ज राहिला नाही. इष्टांकाच्या प्रश्नात ते बंधन अद्याप उभे राहावयाचे आहे.