गिझर, एसी आणि कातळावरचं अर्थिंग

रत्नागिरीत घर ऊबदार ठेवण्याची वेळ कुणावर येत नाही. इथे मे महिन्यात पारा 32-33 अंशांच्या आसपासच असतो, पण हवेतल्या दमटपणाने जीव नकोसा होतो. थंड मुलखातल्या घरांत भिंतीवर एक थर्मोस्टॅट असतो आणि अख्ख्या घराचं तापमान तो ठरवतो. इथे तसं काही नाही. इथला थर्मोस्टॅट नजरेआड बसलेला असतो: न्हाणीघरातल्या गिझरच्या झाकणाखाली, झोपायच्या खोलीतल्या एसीच्या जाळीमागे, फ्रिजच्या आत. दिसत नाही म्हणून त्याच्याबद्दलचे गैरसमजही वाढत जातात, आणि यातले काही जिवावर बेततात. बंब जाऊन गिझर आले, पण वायरिंग मात्र कित्येक घरांत दिवे-पंख्यांच्या काळातलंच राहिलं आहे.

गैरसमज: गिझरला थर्मोस्टॅट आहे, म्हणजे तो सुरक्षित आहे

थर्मोस्टॅट एकच काम करतो. पाणी ठरलेल्या तापमानाला पोचलं की वीज तोडतो, थंड झालं की पुन्हा जोडतो. बऱ्याच साठवणीच्या गिझरमध्ये तांब्याची केसासारखी बारीक नळी आणि तिच्या टोकाला द्रव भरलेला लहानसा फुगा असतो. टाकीला जोडलेल्या एका बंद नळीत, म्हणजे पॉकेटमध्ये, हा फुगा बसवलेला असतो. पाणी तापलं की आतला द्रव प्रसरण पावतो, दुसऱ्या टोकाची पातळ चकती ढकलली जाते आणि संपर्क सुटतो. दुरुस्तीच्या वेळी हा फुगा पॉकेटच्या बाहेर लोंबकळत राहिला, तर थर्मोस्टॅट पाण्याचं नव्हे, झाकणाखालच्या हवेचं तापमान मोजतो. पाणी उकळायला आलं तरी त्याला पत्ता नसतो.

शिवाय संपर्क झिजतात. 2 किलोवॅटचा गिझर 230 व्होल्टवर साधारण 8.7 अँपिअर ओढतो. दर वेळी संपर्क सुटताना लहानशी ठिणगी पडते आणि काही वर्षांनी दोन्ही टोकं एकमेकांना चिकटून बसू शकतात. मग थर्मोस्टॅटची कळ कितीही फिरवा, गिझर तापतच राहतो. यासाठीच त्याच्या जोडीला, पाणी मर्यादेबाहेर तापलं की वीज तोडणारा वेगळा कट-आऊट दिलेला असतो आणि त्याच्याही पुढे टाकीवर दाब सोडणारा व्हॉल्व्ह.

पण या तिघांपैकी एकालाही विजेची गळती कळत नाही. हीटिंग एलिमेंट म्हणजे धातूच्या नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडच्या भुकटीत दाबून बसवलेली तार. त्या नळीला बारीकसं छिद्र पडलं की पाणी भुकटीत शिरतं आणि वीज टाकीच्या पाण्यापर्यंत पोचते. पाणी छान कोमट, थर्मोस्टॅट ठणठणीत, आणि नळाला हात लावला की झिणझिण्या. झिणझिण्या आल्या की गिझर त्याच क्षणी बंद करा. प्लग काढा आणि दुरुस्ती होईपर्यंत लावू नका. “थोडासाच येतो” म्हणून आंघोळी चालू ठेवणारी घरं आहेत, म्हणून हे इतकं स्पष्ट लिहितो आहे.

गैरसमज: कट-आऊट सारखा उडतो, तर तो काढून तार थेट जोडावी

या लेखात एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: असं कधीही करू नका. कट-आऊट उडतो तेव्हा तो बिघडलेला असण्यापेक्षा थर्मोस्टॅट चिकटलेला असण्याची किंवा एलिमेंट अर्धवट कोरडं तापत असण्याची शक्यता जास्त. कट-आऊटच्या दोन टोकांना तारेचा तुकडा लावला की तापणाऱ्या टाकीला थांबवणारं शेवटचं विजेचं साधन गेलं. मग भिस्त उरते फक्त व्हॉल्व्हवर, आणि तोही क्षाराने धरलेला किंवा “थेंब थेंब गळतो” म्हणून बूच मारून बंद केलेला सापडतो. पाण्याची वाफ झाली की सामान्य दाबाला तिचं आकारमान सोळाशे पटींहून अधिक होतं. बंद टाकी फुटते ती या जोराने.

त्या व्हॉल्व्हचं थेंब थेंब गळणं हा पुष्कळदा दोष नसतो. पाणी तापताना फुगतं, तेवढं तो बाहेर सोडतो.

गैरसमज: लाल दिवा विझला, आता झाकण उघडायला हरकत नाही

दिवा विझला याचा अर्थ पाणी तापलं. पाणी जरा निवलं की थर्मोस्टॅट आपण होऊन पुन्हा वीज जोडणार. त्यातही पुष्कळ थर्मोस्टॅट फक्त एकच तार तोडतात. सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे जोडले असतील, तर थर्मोस्टॅट न्यूट्रल तोडतो आणि दिवा विझलेला असतानाही एलिमेंटवर फेज तसाच बसून राहतो. आपल्याकडच्या तीन पिनच्या सॉकेटकडे समोरून पाहिलं, मोठं अर्थिंगचं भोक वर धरलं, की उजव्या हाताला फेज आणि डाव्या हाताला न्यूट्रल असायला हवा. घरातलं प्रत्येक सॉकेट असं तपासून घ्यायला वायरमनला फार वेळ लागत नाही.

गैरसमज: एमसीबी बसवला आहे, शॉक लागायचा नाही

रत्नागिरीत सर्वांत महाग पडू शकणारा समज हाच, म्हणून त्यावर जरा थांबू.

एमसीबी तारेचं रक्षण करतो. 16 अँपिअरच्या एमसीबीतून त्याहून बराच जास्त प्रवाह गेला की तो पडतो, म्हणजे तार जळत नाही. माणसाचा जीव जायला मात्र एका अँपिअरचा अगदी लहानसा अंशही पुरतो. गिझरचं धातूचं कवच फेजला चिकटलं, तर वीज अर्थिंगच्या तारेने जमिनीत उतरावी आणि तो प्रवाह इतका मोठा व्हावा की एमसीबी पडेल, अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा जमिनीवर अवलंबून आहे, आणि आपली जमीन कातळाची.

जांभा दगड पावसाळ्यात पाणी धरतो, पण उन्हाळ्यात वरचा थर ठणठणीत कोरडा होतो आणि कोरडा दगड वीज सहज वाहू देत नाही. समजा तुमच्या अर्थिंगचा रोध 50 ओहम आहे. 230 भागिले 50, म्हणजे जमिनीत जाणारा प्रवाह 4.6 अँपिअर. 16 अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने हा नेहमीचाच भार, तो हलणारही नाही. गिझरचं कवच, त्याला जोडलेला धातूचा पाइप आणि शॉवर असे सगळे जिवंत राहतील, आणि खाली ओल्या फरशीवर कुणीतरी अनवाणी उभं असेल.

यावर उपाय आरसीसीबी. जुने वायरमन त्याला ईएलसीबीच म्हणतात. फेजने गेलेली वीज आणि न्यूट्रलने परत आलेली वीज यांची तुलना तो सतत करतो. दोन्हींत फरक पडला म्हणजे वीज कुठेतरी भलत्या वाटेने जाते आहे, आणि तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. घरासाठी 30 मिलिअँपिअरचा घ्यायचा. वरच्या उदाहरणातली 4.6 अँपिअर गळती त्याच्या मर्यादेच्या दीडशे पट आहे, त्यामुळे अर्थिंग कमकुवत असूनही तो चुकत नाही. त्याच्यावर “टी” लिहिलेलं बटण असतं. ते अधूनमधून दाबून पाहा. दाबल्यावर पडला नाही, तर तो बदलायचा.

आरसीसीबी आला म्हणून अर्थिंग सोडून द्यायचं नाही. अर्थिंगबाबतच्या आयएस 3043 या भारतीय मानकानुसार पाइप किंवा सळई निदान अडीच मीटर लांबीची हवी. खाली खडक लागला तर ती तिरकी गाडता येते, उभ्या रेषेपासून 30 अंशांपर्यंत, मात्र लांबी कमी करायची नाही. कातळावर फूट-दोन फूट खणून उरलेली सळई कापून टाकणं म्हणजे अर्थिंग केल्याचं नुसतं समाधान. जागेवर तेवढं खणणं शक्यच नसेल, तर परड्यात, माडाच्या आळ्याजवळ किंवा सांडपाणी मुरतं अशा मातीच्या जागी इलेक्ट्रोड बसवून तिथून जाड पट्टी घरापर्यंत आणावी.

गैरसमज: वेगळं अर्थिंग नसेल तर न्यूट्रललाच जोडलं की झालं

सॉकेट उघडलं की कधीकधी अर्थिंगच्या पिनेपासून न्यूट्रलपर्यंत टाकलेला दोन इंचांचा तुकडा दिसतो. टेस्टर लावला तर सगळं ठीक वाटतं, गिझरही चालतो. आता वादळात पोलावरून घरात येणारी न्यूट्रलची तार तुटली असं समजा. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे खांब आणि तारा किती पडल्या, ते लोकांनी पाहिलं आहे. न्यूट्रल तुटला, फेज शाबूत राहिला, की घरातल्या चालू दिव्या-पंख्यांमधून फेज न्यूट्रलच्या तारेवर येतो आणि त्या दोन इंचांच्या तुकड्यातून थेट गिझरच्या कवचावर. गिझरचा स्वतःचा स्विच बंद असला तरीही, कारण तो स्विच न्यूट्रल किंवा अर्थिंग तोडत नाही. असा तुकडा घरात दिसला तर तो काढून घेणं पुढच्या पावसापर्यंत थांबवू नका.

गैरसमज: पावसाळ्यात आरसीसीबी उगाचच उडतो

उगाच नाही. कुठल्यातरी जोडणीत ओल शिरली आहे आणि तो तेच सांगतो आहे. त्याला वगळून थेट पुरवठा घेण्याऐवजी ओल शोधावी. सगळे एमसीबी खाली करून एकेक वर करत जा. तरीही उलगडा झाला नाही, तर गिझर, मिक्सर, वॉशिंग मशीन यांचे प्लगही काढा. न्यूट्रल आणि अर्थिंग ओलीने जोडले गेले असतील तर एकेरी एमसीबी बंद करून भागत नाही, तो फक्त फेज तोडतो.

गैरसमज: मेन पाडलं, आता सगळं मृत

कोकणात इन्व्हर्टर नसलेली घरं कमी होत चालली आहेत. मेन पाडताच इन्व्हर्टर सुरू होतो आणि त्याच्या सर्किटमध्ये पुन्हा 230 व्होल्ट येतात. काम सुरू करण्यापूर्वी तोही बंद हवा. नुसत्या टेस्टरच्या दिव्यावर विसंबू नका. भर उजेडात तो पेटलेला दिसत नाही, लाकडी स्टुलावर उभं राहिलं की मंद होतो. मल्टिमीटरने मोजावं, आणि आधी तो जिवंत सॉकेटवर लावून चालतो का ते बघावं. एसीच्या बाहेरच्या युनिटमधला कपॅसिटर तर वीज बंद केल्यावरही भार धरून असतो.

गैरसमज: एसी 16 वर ठेवला की खोली लवकर गार होते

साध्या, एकाच वेगाच्या कॉम्प्रेसरच्या एसीत आकडा 16 असो की 24, तो तितकीच थंड हवा फेकतो. थर्मोस्टॅट फक्त कधी थांबायचं ते ठरवतो. इन्व्हर्टर एसी खोली तापलेली असताना जोरात चालतो, पण 16 गाठायचं म्हणून तो पुढेही जोरातच चालत राहतो आणि बिल वाढतं. 1 जानेवारी 2020 पासून स्टार लेबलच्या खोलीच्या एसींना सुरू होताना 24 अंश असणं बंधनकारक आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या हिशेबाने एक अंश वाढवला की सुमारे 6 टक्के वीज वाचते. आपल्या हवेत खरा त्रास दमटपणाचा असल्याने 26 अंश आणि मंद पंखा पुष्कळांना पुरतो.

एसीसाठी बोर्डापासून स्वतंत्र तार आणि स्वतंत्र एमसीबी हवा. दीड टनाच्या एसीला सामान्यतः 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार वापरतात. मांडवी, मिरकरवाडा, भाट्ये अशा किनाऱ्यालगतच्या घरांत बाहेरच्या युनिटचे स्क्रू खाऱ्या हवेने गंजतात आणि जोडणी सैल पडते. सैल जोडणी तापते, आणि आगीची सुरुवात बहुधा तिथूनच होते. तारांच्या टोकांना लग दाबून बसवून घ्यावेत आणि पावसाळा संपला की स्क्रू आवळून घ्यावेत.

गैरसमज: अमेरिकेतून आणलेला थर्मोस्टॅट इथे जोडता येईल

मुलगा न्यू जर्सीत, सुट्टीत येताना भिंतीवरचा स्मार्ट थर्मोस्टॅट घेऊन येतो. तिथल्या मध्यवर्ती यंत्रणेत थर्मोस्टॅटला 24 व्होल्ट येतात आणि त्याच्या पाठीवर आर, सी, वाय, जी, डब्ल्यू अशी अक्षरं असतात: वीज, तिची परतीची वाट, थंडावा, पंखा, ऊब. आपल्या स्प्लिट एसीत अशी अक्षरं कुठेच नाहीत. आतल्या आणि बाहेरच्या युनिटमधल्या केबलमध्ये 230 व्होल्ट असतात. ती जोडली तर थर्मोस्टॅट जळणार, आणि एसीचं सर्किटही हातचं जाऊ शकतं. फोनवरून एसी चालवायचा असेल तर रिमोटसारखे किरण सोडणारी लहान डबी मिळते. ती फळीवर ठेवायची, एकही तार सोडावी लागत नाही.

आई-वडील तिकडे गेल्यावर मुलाला मदत करणार असतील तर त्यांच्यासाठीही दोन गोष्टी. 24 व्होल्ट निरुपद्रवी वाटले तरी घर तापवणाऱ्या भट्टीचा ब्रेकर आधी बंद करा. आर आणि सी एकमेकांना टेकले तर फ्यूज किंवा ट्रान्सफॉर्मर जातो. जुन्या तारा सोडण्यापूर्वी फोटो काढा आणि तारेच्या रंगावर न जाता ती कोणत्या अक्षराला होती ते टिपून ठेवा. भिंतीतून दोन-चार जाडजूड तारा बाहेर आल्या, तर ते बहुधा 240 व्होल्टचं हीटर सर्किट असतं. 24 व्होल्टचा थर्मोस्टॅट तिथे चालत नाही.

गैरसमज: ओळखीचा मुलगा येऊन करून जाईल

मीटरपर्यंतची बाजू महावितरणची, पुढची आपली. पुढचं काम परवानाधारक वीज ठेकेदाराने करायचं असतं आणि काम झाल्यावर त्याने चाचणी अहवाल द्यायचा असतो. आयटीआयमधून वीजतंत्री किंवा तारतंत्री झालेली चांगली मुलं गावोगाव आहेत. अहवाल मात्र मागूनच घ्यावा लागतो. त्यात अर्थिंगचा रोध किती ओहम आला हा आकडा तारखेसह हवा. मोजमाप ऑगस्टमध्ये केलंत तर भिजलेला कातळ फसवा, कमी आकडा दाखवेल. ते एप्रिल-मेमध्ये, जमीन सर्वांत कोरडी असताना करून घ्या.