डाळिंब केव्हा तोडावे, कसे ठेवावे?



आपला बालाघाट जिल्हा धानाचा. डाळिंबाच्या मोठ्या बागा सोलापूर, सांगोला, आटपाडी, सटाणा अशा कोरड्या भागात आहेत. सोलापूरला २००५ साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही सुरू झाले. आपल्याकडे परसातले एखादे झाड, नाहीतर घरी कोणी आजारी असले की बाजारातून आणलेली दोन-चार फळे, एवढाच डाळिंबाचा संबंध. पण फळ महाग असते. ते सडून फेकावे लागले तर पैसाही जातो आणि रोग्याच्या तोंडचा घासही.

पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी. आंबा, केळी, पपई तोडल्यावर घरी पिकतात. डाळिंबाचे तसे नाही. झाडावरून उतरले की त्याची गोडी वाढत नाही. खारीच्या नाहीतर चोरीच्या भीतीने कच्चे तोडले तर ते कितीही दिवस ठेवा, आंबटच राहणार. त्यापेक्षा फळाला कापडी पिशवी बांधावी.

तयार फळ ओळखण्याच्या खुणा अशा : गोल फळ बाजूंनी थोडे चपटे, कोनदार होते, वरच्या मुकुटाच्या पाकळ्या आत वळतात, बोटाने टिचकी मारली तर धातूसारखा आवाज येतो. फळ ओढून तोडू नये. कात्रीने थोडा देठ ठेवून कापावे. तडकलेले किंवा मार लागलेले फळ वेगळे काढून आधी खावे. एका सडक्या फळाची बुरशी शेजारच्या फळांना लागते.

डाळिंबाची साल जाड दिसते, पण तिच्यातून पाणी उडत राहते. म्हणून साल सुकून कडक होते. थंडावा आणि ओलावा दोन्ही मिळाले तर फळ टिकते. शीतगृहात सुमारे ५ अंश तापमान आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रता ठेवली तर फळ दोन महिने चांगले राहते. त्याहून जास्त थंडीत साल तपकिरी पडते. घरी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, छिद्रे पाडलेल्या पिशवीत, न धुता ठेवावे. सोललेले दाणे मात्र बंद डब्यात ठेवून चार-पाच दिवसांत संपवावे.

फ्रिज नसेल तर विटांच्या दोन भिंती उभारून मधल्या फटीत वाळू भरावी आणि सकाळ-संध्याकाळ ती भिजवावी. दिल्लीच्या पूसा संस्थेने हा बिनविजेचा शीतकक्ष तयार केला. पाणी उडताना उष्णता घेऊन जाते, माठातले पाणी गार होते तसेच. उन्हाळ्यात याचा उपयोग चांगला होतो. पावसाळ्यात हवाच ओली असते, पाणी उडत नाही, म्हणून तेव्हा गारवा मिळत नाही.

बाहेरून चांगले दिसणारे फळही कधी आतून काळे निघते. रोग्याला देण्याआधी कापून पाहावे आणि काळे निघाल्यास टाकून द्यावे.

विद्यार्थ्यांनी एक प्रयोग करावा. दोन सारखी डाळिंबे घ्यावीत. एक उघडे आणि एक पिशवीत ठेवावे. दर आठवड्याला दोन्ही तोलून वहीत लिहावे. कोणाचे वजन जास्त घटले आणि का, हे वर्गात सांगावे.