फाटका ओठ बाळाचा, बोल मात्र आईला!

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात दुभंगलेल्या ओठाचे मूल जन्मले की बाळंतिणीला पहिला प्रश्न येतो, "ग्रहणात भाजी चिरली होतीस का?" सासू विचारते, शेजारीण विचारते, कधी नवराही विचारतो. आम्ही म्हणतो, हा प्रश्नच खोटा आहे.

गर्भ राहिल्यापासून चौथ्या ते सातव्या आठवड्यात वरचा ओठ जुळतो. टाळू त्यानंतर, साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत. म्हणजे पोट दिसू लागण्याआधीच हे काम उरकते. सातव्या महिन्यातल्या ग्रहणाने जुळलेला ओठ फाटत नाही. जगात सुमारे सातशे जन्मांमागे एक मूल असे जन्मते. ग्रहण असो वा नसो.

मग कारण काय? १९७० साली कॅनडातील फ्रेझर आणि पशायन या संशोधकांनी अशा मुलांच्या आईबापांचे चेहरे तपासले. त्यांचे स्वतःचे ओठ धड होते, तरी चेहऱ्याची ठेवण इतरांपेक्षा थोडी वेगळी आढळली. पुढे अनेकांनी एक्स-रे काढून आई आणि बाप दोघांचीही हाडे मोजली. कुठे वरचा जबडा किंचित मागे, कुठे चेहरा रुंद. सगळ्यांची मापे जुळत नाहीत, आणि फरक इतके बारीक की आरशात दिसू नयेत. पण एवढे कळते की हा कल बापाकडूनही येतो. आईचे धूम्रपान, फिटची काही औषधे यांनीही धोका वाढतो. मात्र औषध मनाने बंद करू नये, डॉक्टरांना विचारावे.

म्हणून आता बापाला बोल लावायचा का? मुळीच नाही. चेहरा कोणी निवडून घेत नाही. तशी ठेवण असलेल्या बहुतेकांची मुले धडधाकट असतात. चेहरा पाहून सोयरीक मोडणे हा दुसरा अडाणीपणा ठरेल. आईबाप धड असून एक मूल असे झाले, तरी पुढचे तसे होण्याचा संभव शंभरात सुमारे चार.

तेव्हा बोल लावणे सोडा, उपचाराला लागा. बाळाला उभे धरून चमच्याने आईचे दूध पाजा. आशाताईंना सांगा. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या व्यंगावर मोफत उपचार आहेत. ओठाची शस्त्रक्रिया तीन ते सहा महिन्यांत, टाळूची साधारण नऊ ते अठरा महिन्यांत व्हावी. टाळूला उशीर झाला तर बोलणे कायमचे गेंगाणे राहू शकते. बाप हो, त्या दिवशीची मजुरी बुडाली तरी चालेल, दवाखान्यात आईसोबत तुम्हीही जा.