एका पिंजऱ्यात दोन मासे

समुद्रातल्या पिंजऱ्यात दोन जातींचे मासे एकत्र वाढवण्याला सहपालन म्हणतात. दोन मासे म्हणजे दुप्पट उत्पन्न, असा समज सर्रास आढळतो. शेतातल्या आंतरपिकावरून तो होणे साहजिक आहे, पण पिंजऱ्यातली दुसरी जात बऱ्याचदा विकण्यासाठी नसतेच.

नॉर्वेचे उदाहरण घेऊ. तिथल्या सामन माशांना समुद्री उवा (अंगाला चिकटून कातडी, बुळबुळीत थर आणि रक्त खाणारे कवचधारी परजीवी) फार छळतात. नियमाप्रमाणे दर माशामागे पूर्ण वाढलेल्या माद्यांची सरासरी 0.5 च्या वर जाता कामा नये. वसंतात काही आठवडे ही मर्यादा 0.2 असते. औषधांना उवा दाद देईनाशा झाल्या, म्हणून पिंजऱ्यात लम्पफिश सोडतात. म्हशीच्या पाठीवरचे गोचीड साळुंकीने टिपावेत, तसे हे मासे उवा वेचतात.

मात्र ते फुकटचे मजूर नव्हेत. लम्पफिशच्या पोटाला चोषक (चिकटून राहण्याचा अवयव) असतो. त्याला टेकायला जागा लागते, म्हणून पिंजऱ्यात प्लॅस्टिकचे कृत्रिम शेवाळ सोडतात. त्याला वेगळे खाद्यही द्यावे लागते, कारण नुसत्या उवांवर त्याचे भागत नाही. मोठा झाला की त्याचे उवांकडचे लक्षही कमी होते. शिवाय पिंजऱ्यात हे मासे मोठ्या संख्येने मरतात. उवा कमी झाल्याच्या कौतुकात ही बाजू सहसा सांगितली जात नाही.