रोजचा डोंगर आणि कॅमेऱ्याचा डोळा

पुण्याच्या नैर्ऋत्येला, सरळ रेषेत वीसेक किलोमीटरवर सिंहगड उभा आहे. पावसाने धुतलेल्या हवेत तो पर्वतीवरून स्वच्छ दिसतो. पुण्यात जन्म काढलेल्या माणसाला तो अगदी पाठ असतो; आणि जे पाठ झाले ते आपण वाचायचे सोडून देतो! असा रोजचा डोंगर पुन्हा पाहायला लावणे, हे कलात्मक छायाचित्रणाचे काम.

गडावर गेल्याची आठवण म्हणून काढलेला फोटो वेगळा. त्यात डोंगर म्हणजे नुसता मागचा पडदा. कलावंत आधी ठरवतो, की या डोंगराविषयी मला काय सांगायचे आहे. त्याचा कणखरपणा, की त्याच्या पायथ्याला भिडू पाहणारे शहर? हे ठरले म्हणजे मग उजेड, जागा आणि रंग यांचा विचार.

आधी उजेड घ्या. सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून झाला. म्हणून त्याच्या उतारांवर पायऱ्या दिसतात. भर दुपारी त्या सपाट वाटतात. खडकवासल्याकडून पाहिले तर गड दक्षिणेला येतो. सकाळचे ऊन डावीकडून आणि संध्याकाळचे उजवीकडून पडते. अशा तिरप्या उन्हात थरांच्या कडा उजळतात आणि त्यांच्या सावल्या लांबतात. दिवा बाजूला धरला की भिंतीवरचे पोपडे उठून दिसतात ना, तसेच हे.

आता जागा. घरांच्या अगदी जवळून फोटो घेतला, तर घरे मोठी आणि डोंगर एवढासा दिसतो. तेच लांब मागे सरून दूरच्या भिंगाने टिपले, तर डोंगर घरांच्या डोक्यावर उभा राहतो. डोंगर तोच, नाते मात्र बदलले.

तिसरा रंग. कृष्णधवल चित्रात निळे आकाश आणि पांढरा ढग दोन्ही फिकटच येतात. भिंगापुढे पिवळी काच लावली, की थोडा निळा प्रकाश अडतो व ढग उमटतो. लाल काच निळा प्रकाश जवळजवळ सगळाच अडवते. अमेरिकेतील ॲन्सेल ॲडम्स यांनी १९२७ साली योसेमिटीतील हाफ डोम हा कडा टिपला, तेव्हा त्यांच्याजवळ दोनच प्लेटा उरल्या होत्या. पहिली त्यांनी पिवळ्या काचेतून घेतली. पण मनातली भव्यता तिच्यात येणार नाही असे वाटून दुसरी लाल काचेतून घेतली. आकाश काळेभोर झाले आणि कडा अंगावर आला. ‘मोनोलिथ’ या नावाने गाजलेले चित्र ते हेच.

एका चित्रात डोंगर संपत नाही. जपानच्या होकुसाईने १८३० च्या सुमारास फुजी पर्वताची छत्तीस दृश्ये छापायला घेतली आणि पुढे आणखी दहा केली. त्यांतल्या काहींत एदो शहर, म्हणजे आजचे टोकियो, आणि तिथली कामकरी माणसेही आहेत.

इथेच खरा प्रश्न येतो. पायथ्याच्या इमारती, धुराचा पडदा, खाणीची जखम हे सारे चौकटीबाहेर ठेवावे का? तसे केल्यास चित्र गोड होईल, पण अर्धे खरे. कित्येकदा ते आत घेतल्यानेच डोंगर बोलू लागतो.

शिक्षक बंधुभगिनींनी हा प्रयोग जरूर करावा. आपल्या गावचा डोंगर निवडा. एक जागा आणि एक वेळ ठरवा. साध्या मोबाइलवर मुलांकडून महिन्याला एक चित्र काढून घ्या आणि खाली तारीख लिहा. वर्षाअखेर बारा चित्रे भिंतीवर लावली, म्हणजे ऋतू दिसतील. हेच दहा वर्षे चालवले, तर डोंगरावरची झाडे किती राहिली आणि डोंगर किती पोखरला, हेही दिसेल. मग ते सांगायला बाहेरचा माणूस लागणार नाही.