इजिप्तची फॉइल: राजवाड्यातून पोलीस खात्यात

जुलै १९५२. हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये सांघिक फॉइलच्या अंतिम फेरीत चार देश उरले होते: फ्रान्स, इटली, हंगेरी आणि इजिप्त. पहिले तिघे तलवारबाजीतले घरंदाज. चौथा या पंगतीत कसा, असा प्रश्न नवख्याला पडला असता. जाणकारांना पडला नसावा. २२ तारखेला निकाल लागला. इजिप्त चौथा, म्हणजे पदकाच्या अलीकडे एक पायरी. त्याच रात्री कैरोत लष्करी तुकड्या रस्त्यावर उतरल्या आणि २३ च्या सकाळी सत्ता ‘स्वतंत्र अधिकारी’ या लष्करी गटाच्या हाती आली. इकडे हेलसिंकीत वैयक्तिक फॉइल सुरू होत होती. २६ ला राजा फारूखने गादी सोडली आणि ‘महरूसा’ नौकेतून तो देशाबाहेर गेला.

या संघात सलाह देसूकी होते. पेशाने पोलीस अधिकारी, १९४८ चं लंडन ऑलिम्पिकही खेळलेले. पोलिसाच्या हाती फॉइल येणं ही इजिप्तमध्ये तशी नवी गोष्ट होती.

कारण हा खेळ तिथे आला तो बड्यांच्या वाटेने. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये इजिप्तचा एकच खेळाडू होता आणि तो तलवारबाज होता: अहमद हसनैन, ऑक्सफर्डमध्ये शिकलेले. पुढे १९२३ मध्ये उंटांच्या काफिल्यासह लिबियाचं वाळवंट पार करून त्यांनी अर्केनू आणि उवैनात ही ठिकाणं नकाशावर आणली. नंतर ते युवराज फारूखचे शिक्षक आणि अखेर दरबारातले सर्वांत वजनदार गृहस्थ झाले. राजवाड्यानंतर बाजारपेठ आली. १९२८ मध्ये अॅमस्टरडॅमला खेळलेले साल्वाटोर सिकुरेल हे कैरोतल्या नामांकित ‘सिकुरेल’ दुकानाच्या मालक घराण्यातले, शहरातल्या ज्यू समाजाचे पुढारी. दरबारी, व्यापारी, कैरो-अलेक्झांड्रियातली बहुभाषी श्रीमंत मंडळी, असं या खेळाचं तेव्हाचं कूळ होतं.

फॉइल म्हणजे अर्धा किलोच्याही आतली, ९० सेंटिमीटर पात्याची हलकी तलवार. टोकाचा स्पर्श फक्त धडावर झाला तरच गुण. हात, पाय, डोकं लागलं तर गुण नाही. शिवाय दोघांचे वार एकदमच लागले, तर आधी हल्ला चढवणाऱ्याचा मान. तो मान मिळवायचा तर दुसऱ्याने तो हल्ला आधी परतवलेला असायला हवा. देसूकींच्या काळात हे सगळं नुसत्या डोळ्यांनी टिपायचं असे. मधे मुख्य पंच आणि प्रत्येक खेळाडूवर नजर ठेवणारे दोन-दोन साहाय्यक पंच. मुख्य पंचांनी चाल शब्दांत मांडायची, मग विचारायचं, लागला का? साहाय्यकाचं मत एक, मुख्य पंचांचं दीड. दोघे साहाय्यक एकमताने बोलले तर मुख्य पंच हरले; दोघांत दुफळी झाली तर दीड मताचा शब्द अखेरचा. अशा पद्धतीत वार लागून भागत नसे, तो दिसावाही लागे. अंतिम फेरीपर्यंत जायचं तर परक्या पंचांना नीट वाचता येईल असा स्वच्छ खेळ हवा. इजिप्तचे तलवारबाज तो खेळत होते.

आयोजनातही देश मागे नव्हता. १९४९ ची जागतिक स्पर्धा कैरोत भरली. ती युरोपबाहेर जाण्याची ही पहिलीच वेळ. दोन वर्षांनी पहिले भूमध्यसागरी खेळ अलेक्झांड्रियात झाले.

पण खेळाखालची जमीन सरकत होती. २५ जानेवारी १९५२ ला इस्माइलियात ब्रिटिश फौजेने पोलीस ठाण्याला वेढा घातला आणि सुमारे ५० इजिप्शियन पोलीस मारले. दुसऱ्या दिवशी संतापलेल्या जमावाने कैरो पेटवलं. त्या आगीत सिकुरेल दुकानही गेलं. मेले ते देसूकींचे खातेबंधू. जळलं ते त्यांच्या आधीच्या पिढीतल्या तलवारबाजाचं दुकान. सहा महिन्यांनी संघ हेलसिंकीला उतरला, तेव्हा जुनी श्रीमंती विझत होती आणि वर्दीवाल्यांचे दिवस येत होते.

ते आलेही. १९५६ मध्ये सुएझवरच्या हल्ल्यामुळे इजिप्तने मेलबर्न ऑलिम्पिकवर बहिष्कार टाकला. चौथ्या क्रमांकाचा हिशेब चुकता करायची संधी अशी राजकारणात गेली. आणखी एक बदल त्याच सुमारास झाला: वार नोंदवणारी विजेची फॉइल मेलबर्नला ऑलिम्पिकमध्ये आली आणि साहाय्यक पंचांची मतं इतिहासजमा होऊ लागली. देसूकी मात्र उठाव करणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी गमाल अब्देल नासरच्या राजवटीत वर चढले. १९६० ते १९६५ ते कैरोचे गव्हर्नर होते. हसनैन दरबाराचे होते, देसूकी प्रजासत्ताकाचे. दोघांच्या कहाणीत फॉइल आहे आणि दोघांच्याही कहाणीत सत्ता.

म्हणून देसूकींची कारकीर्द नुसत्या निकालपत्रकातून वाचली तर हाती फार थोडं लागतं. ऑलिम्पिक पदक त्यांना मिळालं नाही. इजिप्तला तलवारबाजीत ते मिळायला २०१२ उजाडावं लागलं. लंडनमध्ये अलाउद्दीन अबुलकासिमने फॉइलमध्येच रौप्य जिंकलं. तलवारबाजीतलं आफ्रिकेचं ते पहिलं ऑलिम्पिक पदक. बातम्यांत ते आकस्मिक ठरलं. पण त्याच्या साठ वर्षं आधी हाच देश याच शस्त्रात जगातल्या पहिल्या चारांत होता. मधली वर्षं कौशल्य नव्हतं म्हणून रिकामी गेली, असं म्हणणं त्या संघावर अन्याय करणारं आहे.