‘शवविच्छेदन’ एक, कामं दोन

देहदानाचा विषय घरात निघाला की कुणीतरी घाबरून विचारतंच, “म्हणजे आजोबांचं पोस्टमॉर्टेम करणार?” नाही करणार. घोटाळा शब्दाचा आहे. ‘शवविच्छेदन’ हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या कामांना लावतो.

पोलीस मृतदेह पाठवतात तो मृत्यूचं कारण शोधायला. सरकारी कागदांत त्याला ‘उत्तरीय तपासणी’ म्हणतात, आणि ते नाव अधिक नेमकं आहे. काम सहसा एक-दोन तासांत उरकतं, गरज पडल्यास व्हिसेरा (आतल्या अवयवांचे नमुने) राखून ठेवतात आणि मृतदेह नातेवाइकांना परत मिळतो.

वैद्यकीय महाविद्यालयाच्या डिसेक्शन हॉलमधलं दुसरं काम म्हणजे शिकणं. देह फॉर्मेलिनमध्ये टिकवलेला असतो. पहिल्या दिवशी त्या वासानं डोळ्यांतून पाणी येतं. एकेका टेबलाभोवती विद्यार्थी महिनोन्‌महिने काम करतात. तिथेही कापाकापी वाटते तेवढी नसते. त्वचा उलटून झाली की स्काल्पेल बरेचदा बाजूलाच राहतं. चिमट्यानं चरबी कणाकणानं काढत दोऱ्याएवढी नस न तुटता मोकळी करायची, खरं कसब त्यात.

सुश्रुतही शव चिरून शिकवत असे, असं आपण अभिमानानं सांगतो. त्याच्या ग्रंथातली पद्धत मात्र निराळी आहे. शव मुंज, कुश वगैरेंनी गुंडाळून पिंजऱ्यात घालायचं आणि वाहत्या पाण्यात सात रात्री कुजू द्यायचं. मग वाळा, केस, बांबू यांच्या कुंचल्यानं हळूहळू घासत त्वचेपासून आतपर्यंतचा एकेक थर डोळ्यांनी पाहायचा. विच्छेदनापेक्षा याला घर्षण म्हणणं रास्त.

‘फाडतो तो शिपाई, डॉक्टर नुसता बघतो’ हा उत्तरीय तपासणीबद्दलचा आणखी एक समज. शवागारातला कर्मचारी मदत करतो हे खरं. पण पाहणं, निष्कर्ष काढणं आणि सही करणं ही जबाबदारी डॉक्टरची. मध्ययुगीन युरोपात मात्र अशी वाटणी खरोखरच होती: प्राध्यापक उंच आसनावरून पोथी वाचणार, दुसरा कापणार, तिसरा काठीनं दाखवणार. व्हेसॅलियस या शरीररचनातज्ज्ञानं ती मोडली. त्याच्या 1543 च्या ग्रंथाच्या मुखचित्रात तो स्वतः देहाला हात लावून उभा आहे. गंमत म्हणजे ‘ऑटोप्सी’ या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थही ‘स्वतः पाहणे’ असाच आहे. त्यात कापणं कुठेच नाही.

देहदानाचा अर्ज भरला असेल तर एवढं घरच्यांना सांगून ठेवा: पोस्टमॉर्टेम झालेला देह वैद्यकीय महाविद्यालयं सहसा स्वीकारत नाहीत.